हातपेडलची तीनचाकी: दांडा बदलून घेतल्यावर

दिव्यांगांच्या शिबिरात मिळालेल्या तीनचाकीबद्दल लोक विचारतात ते सीटचं, टायरचं. गाडी वळवायच्या दांड्याचं कुणी विचारत नाही. माझ्या मते गाडी अंगाला बसते की नाही, ते दांड्यावरच ठरतं.

माझी गाडी उजव्या हाताने पेडल मारायची. चेन मागच्या उजव्या चाकाला, डाव्या हातात पुढच्या चाकाचा दांडा. पोलिओमुळे माझा डावा खांदा कमजोर. आता गंमत बघा. जोर एकट्या उजव्या चाकाला मिळतो, म्हणून गाडी डावीकडे ओढते. त्यात पाणी वाहून जावं म्हणून रस्ता कडेला उतरता केलेला, आणि आपण चालणार डाव्या कडेने. दोन्ही ओढी एकाच बाजूला! दांडा मागे आपल्याकडे येत असल्याने चाक उजवीकडे वळवायला तो डावीकडे ढकलायचा, तोही सतत. मिरज स्टेशनपर्यंत जाईस्तोवर खांदा भरून यायचा.

सायकलवाल्या मिस्त्रींकडून दांडा चारेक इंच वाढवून घेतला. त्यांनी वेल्डिंग टाळलं, कारण जोडाशेजारी नळी चिरते. आतून बारीक नळी सरकवून आरपार दोन बोल्ट मारले. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, पण हात जास्त फिरवावा लागतो आणि वळताना टोक गुडघ्याला घासतं. म्हणून टोक थोडं वर वाकवलं.

खरा फरक पडला तो दांड्याची दिशा बदलल्याने. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात दांडा बसतो, तिथला वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचा, त्यावर लाकूड ठेवून हातोडीने ठोकायचं, म्हणजे दांडा आतून घट्ट धरणारा खालचा शंकूसारखा तुकडा सुटतो. चाक सरळ ठेवून दांडा किंचित मांडीकडे वळवायचा आणि पुन्हा आवळायचा. यानं जोर काही कमी लागत नाही, पण ढकलून धरलेला हात अवघडत नाही.

पावसाळ्यानंतर तो बोल्ट गंजला होता. ग्रीस आधीच लावलेलं बरं. तो सैल पडला तर दांडा फिरतो आणि चाक तसंच राहतं. म्हणून अधूनमधून कुणाला तरी चाक धरायला लावून मी दांडा पिळून बघते. चिमट्याचा वरचा नट जास्त आवळला तर दांडा जड होतो, सैल ठेवला तर उतारावर ब्रेक मारताना पुढचं चाक थरथरतं. आणि मागच्या दोन्ही टायरांत हवा सारखी ठेवा. उगाच दांड्याला दोष देऊ नका.

तक्रार एकच. मी डावीकडून चढते, तिथे लांब दांडा आडवा येतो. हँडब्रेक लावून तो पूर्ण बाहेर ढकलला तरच जागा होते.

ज्यांचे दोन्ही हात धड आहेत त्यांनी, शिबिरात निवड असेल तर, पेडल आणि चेन दोन्ही डाव्या बाजूला असलेली गाडी मागावी. तिची ओढ उजवीकडे, रस्त्याचा उतार डावीकडे.