घरी बसवलेले सिरॅमिक ब्रेक पॅड : सोलापुरातल्या उन्हाळा-पावसाळ्यानंतर

गाडी छोटी हॅचबॅक, पुढे डिस्क, मागे ड्रम. वापर मुख्यतः सात रस्ता, होटगी रोड आणि गतिरोधकांच्या रांगा. अधूनमधून तुळजापूरचा घाट. पॅड चांगले निघाले. पण घरी बदलण्याचा खरा फायदा पिनांचा आहे.

कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग; तो या पिनांवर सरकतो. घाईच्या गॅरेजात त्या सहसा कुणी बाहेर काढत नाही. काळ्या मातीचा चिखल फाटक्या रबरी बुटातून आत गेला की पिन जाम होते. मग आतला पॅड पत्र्यापर्यंत घासलेला, बाहेरचा निम्मा शिल्लक. अशा कॅलिपरवर नवे पॅडही तसेच जातील. एकच बोल्ट काढून कॅलिपर वर उचलला तरी पॅड निघतात, पण वरची पिन तशीच राहते. म्हणून दोन्ही काढा. कॅलिपर तारेने बांधून ठेवा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होज) लोंबकळू देऊ नका. जुनं ग्रीस पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. साध्या चासी ग्रीसने रबर फुगतं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे. अंगणात शहाबादी फरशी असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर फरशी तडकते. चाक काढण्याआधी स्टँड लावा. ब्रेकची धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने धुवा.

कॅलिपरचा पिस्टन मागे दाबण्यापूर्वी ब्रेक ऑइलची टाकी बघा. पॅड झिजल्यावर पातळी उतरतेच. मध्ये कुणी वरून ऑइल भरलं असेल तर ते आता बाहेर येईल आणि रंग खाईल. सांडलंच तर लगेच पाणी ओता. जुना पॅड मध्ये ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पातळ झाली नाही ना, तपासा. पॅड दोन्ही चाकांचे एकदमच बदलायचे. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत परत परत दाबा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ६० वरून १५ च्या वेगापर्यंत ८-१० वेळा ब्रेक, पूर्ण न थांबता. मेच्या उन्हात मधलं अंतर वाढवा.

वापरात काय दिसलं? रिमवर काळी धूळ कमी. कंपनीच्या पॅडपेक्षा सकाळी गार असताना पकड जरा मऊ, पेडल थोडं जास्त दाबावं लागतं. पावसात रात्रभर उभी गाडी सकाळी कुरकुरते. तो डिस्कवरचा गंज, दोन ब्रेकांत जातो. कुरकुर दिवसभर राहिली तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा उघडून बघा. घाट उतरताना तिसरा गिअर ठेवला तर ब्रेकचा जळका वास येत नाही. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्याला कुठलेही पॅड पुरणार नाहीत.

तक्रार एकच: डब्यात नव्या क्लिपा नाहीत. जुन्या गंजलेल्या असतील तर वेगळ्या मागवा. पॅडचा मसाला (घासला जाणारा थर) ३ मिमीवर आला की पुढचा सेट आणून ठेवायचा.