ईसीजी, टू-डी एको की आणखी काही? मुलाच्या हृदयाच्या तपासण्यांची तुलना

‘ईसीजी नॉर्मल आला, म्हणजे हृदय ठीक आहे ना?’ मुलाची तपासणी झाली की आईवडिलांचा हा प्रश्न ठरलेला. त्याचं उत्तर शंका कशाची होती यावर अवलंबून आहे. हृदयाच्या पडद्यात छिद्र असलेल्या मुलाचा ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. आणि ज्याच्या ठोक्यांचा ताल बिघडतो, त्याच्या एकोत काहीही सापडत नाही, असंही होतं.

ईसीजी म्हणजे हृदयातल्या विजेची नोंद. अंगावर पट्ट्या चिकटवायच्या, मूल काही सेकंद शांत राहिलं की काम झालं. खेळताना किंवा धावताना मूल बेशुद्ध पडलं असेल, तर पहिली तपासणी हीच, आणि तीही लगेच. लाँग क्यूटी किंवा डब्ल्यूपीडब्ल्यूसारखे, ठोक्यांचा ताल बिघडवणारे विजेचे दोष पकडायला त्याच्याइतकं सोपं साधन नाही. फक्त रिपोर्ट लहान मुलांचे ईसीजी वाचणाऱ्याने बघावा. नवजात बाळाचा ईसीजी मोठ्यांच्या मोजपट्टीने वाचला, तर उजवी बाजू वाढल्यासारखी वाटते. त्या वयात ते स्वाभाविक असतं.

टू-डी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. त्यात किरणोत्सर्ग नाही, सुई नाही. छिद्र, अरुंद झडप, उलटसुलट जोडलेल्या रक्तवाहिन्या, रक्ताच्या प्रवाहाची दिशा, सगळं यात दिसतं. जन्मजात दोषाची शंका असेल तर मी बाकीच्या तपासण्यांमध्ये न रेंगाळता थेट एकोच करून घेईन. अडचण एकच, मूल स्वस्थ पडलं पाहिजे. तान्ह्या बाळाला दूध पाजून झोपवलं की बरेचदा भागतं. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला मात्र कधीकधी गुंगीचं औषध द्यावं लागतं, आणि त्याआधी किती वेळ उपाशी ठेवायचं हे विचारून घ्यावं. एकोची खरी किंमत तो करणाऱ्याच्या हातात असते. मोठ्यांचे एको करणारे आणि बालहृदयतज्ज्ञ एकाच यंत्रात वेगवेगळ्या गोष्टी शोधतात.

डॉक्टरांनी ‘मर्मर (ठोक्यांसोबतचा जादा आवाज) ऐकू येतोय’ म्हटलं की घरात रडारड सुरू होते. वाढत्या वयाच्या मुलांत असा आवाज खूपदा निर्दोष असतो, आणि ताप असताना जास्तच ठळक ऐकू येतो. मूल खेळतं आहे, वजन वाढतं आहे, तर बालहृदयतज्ज्ञ नुसत्या स्टेथोस्कोपवरही निर्वाळा देऊ शकतात. दूध पिताना घाम फुटणारं, दमणारं, वजन न धरणारं बाळ मात्र एकोशिवाय सोडू नये.

नवजात बाळाच्या उजव्या हाताला आणि पायाला लावतात ती रक्तातला ऑक्सिजन मोजणारी पल्स ऑक्सिमेट्री ही चाळणी आहे, निदान नव्हे. ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली गेला की पुढची तपासणी तातडीने होते. पण साध्या छिद्रात ऑक्सिजन कमी होतोच असं नाही, त्यामुळे चांगल्या आकड्यावर विसंबून राहू नये. छातीचा एक्स-रे फुप्फुसांसाठी जास्त कामाचा. तान्ह्या बाळांत थायमस ग्रंथीची सावली पडते आणि हृदय उगाच मोठं दिसतं.

छातीत धडधड होते, पण दवाखान्यात पोचेपर्यंत थांबते, अशी तक्रार असेल तर होल्टर: 24 तास किंवा त्याहून जास्त वेळ चालणारा ईसीजी. मात्र धडधड महिन्यातून एकदाच होत असेल, तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये ती सापडायची शक्यता कमीच. तिथे आठवडे-आठवडे जवळ ठेवता येणारा इव्हेंट रेकॉर्डर मागावा.

सीटी आणि एमआरआय सहसा एकोनंतरच, तेही एकोत नीट न दिसणारा भाग पाहायचा असेल तेव्हा. सीटी काही सेकंदांत होतो, पण किरणोत्सर्ग आणि रंगद्रव्याचं इंजेक्शन आलंच. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, मात्र बराच वेळ निश्चल पडावं लागतं, म्हणून लहानग्यांना बहुधा भूल देतात. वारंवार तपासणी लागणार असेल आणि मूल सांगितलेलं ऐकण्याइतकं मोठं असेल, तर एमआरआय बरा.

कॅथेटर, म्हणजे रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी, घालून करायची तपासणी हल्ली केवळ निदानासाठी कमीच होते. फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांमधला दाब अचूक मोजायचा असेल, तर मात्र तिला पर्याय नाही. शिवाय त्याच बैठकीत काही छिद्रं बंद करता येतात किंवा फुग्याने झडप रुंदावता येते, म्हणून संमतीपत्रावर सही करण्याआधी ‘नुसतं मोजणार की उपचारही करणार?’ हे विचारून घ्या. नळी बहुधा जांघेतून घालतात, आणि नंतर काही तास पाय सरळ ठेवावा लागतो. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत खरी कसरत तीच.