व्यसनमुक्ती समुपदेशनाचं बेसिक ट्रेनिंग: रोल-प्लेसाठी जा, स्लाइडसाठी नको

पुण्याजवळच्या एका संस्थेत हा निवासी कोर्स केला. व्यसन असलेल्या माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलायचं कसं, एवढाच विषय. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे तक्रारीही आहेत आणि शिकवणारी माणसं खरंच मनापासून शिकवत होती, उगाच कुणाला टोचायला नको. मी चाकणला कंपनीत वेलफेअर ऑफिसर आहे, पगाराच्या दुसऱ्या दिवशी लाइनवर कोण नसणार हे आमच्याकडे सुपरवायझरपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ असतं, त्यामुळे कंपनीने पाठवलं आणि फीपण कंपनीनेच भरली.

पहिला दिवस अक्षरशः झोप आणणारा. मेंदू, डोपामिन, व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा दोष नाही, सगळं बरोबर आहे पण स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचून दाखवायचं असेल तर पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा की. एक आकडा मात्र डोक्यात राहिला. एम्सच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्व्हेप्रमाणे दारूच्या आहारी गेलेल्या साधारण 38 जणांमागे फक्त एकाला काहीतरी उपचार मिळतात. म्हणजे बाकीचे 37 आशाताईंना, मास्तरांना, आमच्यासारख्या एचआरवाल्यांनाच भेटणार, सायकियाट्रिस्टला नाही. बॅचमध्येही तशीच मंडळी होती, नर्स, संस्थांचे कार्यकर्ते, एक रिटायर्ड हेडमास्तर आणि स्वतः दारू सोडलेले दोघं.

सिलॅबस बराचसा कोलंबो प्लॅनच्या (आशिया-पॅसिफिकमधल्या देशांची सहकार्य संस्था) युनिव्हर्सल ट्रीटमेंट करिक्युलमवर, म्हणजे व्यसन-उपचार शिकवायच्या त्यांच्या अभ्यासक्रमावर बेतलेला, त्यात बेसिक काउन्सेलिंग स्किल्सचा वेगळा कोर्सच आहे. जोडीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग ही बोलण्याची पद्धत, जी विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत वाढवली. थोडक्यात काय, तर माणसाला दारू का सोडायची ते आपण सांगायचं नाही, त्याच्या तोंडून यायला हवं. ऐकायला सोप्पं वाटतं, करून बघा.

दुसऱ्या दिवसापासून मजा सुरू झाली. तिघातिघांचे गट, एक समुपदेशक, एक पेशंट आणि एक नुसता बघणारा. बघणाऱ्याच्या हातात कागद, त्यावर खुणा करायच्या, खुला प्रश्न किती, हो-नाहीवाला प्रश्न किती, त्याचंच म्हणणं त्याला परत सांगितलं किती वेळा आणि सल्ला किती वेळा. आमच्या गटात हेडमास्तर समुपदेशक झाले आणि दारू सोडलेल्यांपैकी एक दादा पेशंट. दादा म्हणाले, "मी काय रोज पीत नाय सर, बायको उगाच बोंबलते." झालं, सरांनी पाच मिनिटं मुलांचं शिक्षण, संसार, आईबापाचं नाव असं जे काही सुरू केलं की माझ्याकडच्या कागदावर सल्ल्याच्या रकान्यात जागाच उरली नाही. दादा हसत म्हणाले, "सर, मी असा चार वेळा सेंटरमधनं पळालोय." मग ट्रेनर मॅडम सरांच्या खुर्चीत बसल्या आणि तेच वाक्य ऐकून शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे घरचे जेवढं म्हणतात तेवढं काही नाही असं तुम्हाला वाटतंय, आणि तरी आज वेळ काढून इथे आलात." बास, पुढे गप्प. दादांनी जरा वेळ खाली बघितलं आणि नाटकात नसलेलं काहीतरी बोलायला लागले, मुलगी हल्ली जवळ येत नाही वगैरे. सगळा हॉल चिडीचूप. माझ्या मते या कोर्सची फी या एका तासाची आहे.

अजून एक गोष्ट लगेच वापरण्यासारखी मिळाली. दारू सोडणं तुमच्यासाठी किती महत्त्वाचं आहे ते 0 ते 10 मध्ये विचारायचं. समजा तो 4 म्हणाला, तर आपण पटकन विचारतो, फक्त 4 का? तिथेच फसतं कारण मग तो न सोडण्याची कारणं द्यायला लागतो. विचारायचं उलटं, "4 का म्हणालात, 1 का नाही?" आता त्याला सोडण्याची कारणं शोधावी लागतात आणि ती तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. मी कंपनीत वापरून बघितलं, दरवेळी जादू होत नाही पण माणूस बोलतो तरी. दारूचं पिणं किती धोक्याचं झालंय ते बघायची जागतिक आरोग्य संघटनेची 10 प्रश्नांची ऑडिट (AUDIT) प्रश्नावलीपण करून घेतली, 40 पैकी 8 किंवा वर गेलं की लक्ष द्यायचं. ती ठीक आहे, फॉर्म भरायचा कंटाळा सगळ्यांनाच.

मेडिकलचा भाग फारच कमी ठेवलाय आणि ही माझी मोठी तक्रार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, नसलेली माणसं दिसणं सुरू होऊ शकतं आणि त्यात जीवही जाऊ शकतो, अशा वेळी गप्पा मारत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. हे कोर्सच्या शेवटी शेवटी, जेवणाच्या आधी घाईघाईत उरकलं. अहो, हे पहिल्या दिवशी सांगा, डोपामिन नंतर बघू!

त्यातल्या त्यात एका नर्सताईने प्रश्न विचारला म्हणून चांगली चर्चा झाली. गावोगावी भिंतीवर "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" लिहिलेलं असतं ना, त्यावरून. घरच्या बायका भाजीत, चहात गोळी घालतात. ती गोळी डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठीचं औषध) असेल आणि वरून तो दारू प्यायला तर उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जिवावर बेतू शकतं. ही गोळी डॉक्टरांनी द्यायची आणि घेणाऱ्याला माहीत असताना घ्यायची. मॅडम इथे जरा चिडूनच बोलल्या आणि बरं झालं चिडल्या.

गोपनीयतेवरही चांगलं सेशन झालं. बायको, आई, मालक सगळे विचारतात, "काय म्हणाला तो?" आणि आमच्यासारख्यांची तर पंचाईतच, पगार कंपनीचा आणि गुपित कामगाराचं. सुरुवातीलाच त्याला सांगून टाकायचं की काय बाहेर जाणार नाही आणि जिवाला धोका असेल तर काय सांगावंच लागेल. पण मॅनेजरने लेखी रिपोर्ट मागितला तर काय करायचं, यावर गोलमोल उत्तर मिळालं.

एका संध्याकाळी अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायच्या गटाच्या, ओपन (कुणीही येऊ शकतं अशा) मीटिंगला नेलं. 1935 ला अमेरिकेत दोन दारुड्यांच्या गप्पांतून निघालेली गोष्ट आणि आज आपल्याकडे चहा-बिस्किटावर चालते, फी नाही, रजिस्टर नाही. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे, तिथेही बरे झालेले लोकच पुढे कामाला लागतात, त्यामुळे आमच्या बॅचमधले दोघं दादा ट्रेनरपेक्षा जास्त शिकवून गेले यात नवल नाही.

बाकी तक्रारी: हँडआउट सगळे इंग्लिशमध्ये, आशाताईंनी ते पिशवीत टाकले ते बहुतेक अजून तिथेच असतील. घरच्यांशी कसं बोलायचं यावर जेमतेम एक सेशन, खरं तर पहिला फोन बायकोचाच येतो. कोर्सनंतर एखादी केस अडली तर विचारायला कुणी नाही, ग्रुप आहे पण त्यावर गुड मॉर्निंगची फुलं. आणि सर्टिफिकेट हजेरीचं आहे हो, ते घेऊन लगेच "व्यसनमुक्ती तज्ज्ञ" असा बोर्ड लावणारे आमच्याच बॅचमध्ये निघालेत.

पाचपैकी साडेतीन. नाव नोंदवायच्या आधी फोन करून विचारा, बॅच किती जणांची आणि रोल-प्ले रोज किती तास. पन्नास जण कोंबणार असतील तर जाऊ नका, तुमचा नंबरच येणार नाही. जेवण छान, पिठलं-भाकरी तर एक नंबर, फक्त ओडोमॉस घेऊन जा, खोलीच्या खिडक्यांना जाळ्या नाहीत.