मोसंबीचा रस की कैरीचं पन्हं? उन्हाळ्यासाठी घरी काय करून ठेवावं

आमचं घर जालन्यात आणि मामांची बाग अंबड तालुक्यात, त्यामुळे मोसंबी आमच्याकडे विकत आणायचं फळ कधी नव्हतंच. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा घरात कुणाचा निकाल लागावा तसा आनंद झाला होता. 2012 च्या दुष्काळात मामांची अर्धी बाग वाळली, उरलेली त्यांनी टँकरच्या पाण्यावर जगवली. त्या फळाबद्दल वाकडं बोलायला माझी जीभ वळत नाही. तरी गेले पाच उन्हाळे आमच्या फ्रीजमध्ये मार्चअखेरीपासून पन्ह्याचा गर असतो. मोसंबी येते ती नुसती खायला.

मोसंबी कशी पिळायची आणि कैरी कशी उकडायची हे कुणाला सांगायला नको. ज्यांच्या घरी दुपारी माणसं येतात, मुलं उन्हातून येतात आणि त्यांच्यासाठी काहीतरी थंड करून ठेवायचं असतं, त्यांना दोन्हींत काय सोयीचं, एवढंच सांगतो.

चवीत मोसंबीचा ताजा रस वरचढ आहे, हे आधी कबूल करतो. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी आलेल्या फुलोऱ्याची, फळं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये येतात तेव्हा पिळून लगेच प्यायलेल्या रसाला तोड नाही. साखर लागत नाही, लागलीच तर चिमूटभर काळं मीठ. वडिलांना मधुमेह आहे, पन्ह्यातला गूळ त्यांना चालत नाही. त्यांच्यासाठी आम्ही सकाळी एक मोसंबी सोलून फोडी देतो. रस गाळला की चोथा जातो आणि साखर तेवढी पोटात जाते, म्हणून फोडीच बऱ्या. शिवाय कैरी उकडली की तिच्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं कमी होतं. मोसंबी कच्चीच पोटात जाते.

मग अडलं कुठे? अडलं ते कडवटपणापाशी.

धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला परभणीहून पाहुणे यायचे होते. एप्रिलचा दुसरा आठवडा, ऊन मी म्हणत होतं. मामांनी आदल्या रात्री दोन कॅरेट मोसंबी पाठवली होती. पाहुणे अकराला पोचणार म्हणून मी आणि आईने साडेदहालाच मिक्सरमधून रस काढला, गाळला, पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं. गाडी वाटेत पंक्चर झाली, पाहुणे आले एक वाजता. आईने मोठ्या हौसेने ग्लास भरले. पहिल्या घोटालाच माझ्या लक्षात आलं, रस कडू झाला होता. थोडाथोडका नव्हे, घशात चिकटून राहील असा. होणाऱ्या व्याह्यांनी काही न बोलता ग्लास संपवला. आई ओशाळून काही म्हणायला गेली तर ते म्हणाले, "असू द्या ताई, उन्हातून आलं की पाणीही गोडच लागतं." माणूस मोठ्या मनाचा. पण आईचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही.

त्यानंतर मी हा विषय सोडला नाही. मोसंबीच्या बिया, फोडींवरचं साल आणि सालीखालचा पांढरा पापुद्रा यांत एक घटक असतो, तो मुळात कडू नसतो. फळ पिळलं की तो रसातल्या आंबटपणाशी येऊन मिळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. ते कडू असतं. म्हणून पिळताक्षणी रस गोड लागतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने तोच रस ओळखू येत नाही. उकळला तर ही क्रिया अजून वेगाने होते, म्हणून मोसंबीचा रस आटवून सिरप करायचा बेतही बारगळतो. मिक्सरमध्ये बिया फुटल्या तर विचारायलाच नको.

मी करून पाहिलं नाही असं नाही. बिया काढल्या, पांढरा पापुद्रा सुरीने खरवडून टाकला, मिक्सर सोडून हातयंत्राने अलगद पिळलं. फरक पडला. रस तासभर बरा राहिला. पण सात-आठ माणसांसाठी एवढं सोलत बसायचं आणि तरी तासाभराने धाकधूक, हे मला झेपलं नाही. मामांना सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही. "अरे, मोसंबी पिळली की प्यायची. ठेवायची नसते ती," एवढंच म्हणाले.

आणि आमच्याकडे ठेवावं लागतंच. उन्हाळ्यात येणारा माणूस सांगून आला तरी त्याची वेळ उन्हावर, गाडीवर ठरते. ऐनवेळी लाइट गेली की मिक्सर बंद. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे चिकट भांडी, गाळणी, यंत्र दिवसातून तीनदा धुणं परवडत नाही.

पन्ह्याचं सगळं काम एका सकाळी आटपतं. कैरी कुकरमध्ये उकडायची, साल काढून गर बाठ्यापासून सोडवायचा, चाळणीवर घासायचा. एक वाटी गराला मी दीड वाटी चिरलेला गूळ घेतो, कैरी फारच आंबट असेल तर पावणेदोन. गूळ आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा, खडे आणि काड्या निघतात. फार पिवळाधमक गूळ घेऊ नये, काळपट गुळाचं पन्हं दिसायला साधं पण चवीला खमंग होतं. वेलदोडा, मीठ, झालं. केशर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापुरतं.

कैरी मात्र गावरान हवी. तोतापुरी तिखट-मीठ लावून खायला छान, पण पन्ह्यात ती फिकी पडते, आंबटपणाच कमी. बाजारात मोठ्या, देखण्या कैऱ्यांच्या शेजारी वाऱ्याने पडलेल्या लहान, डागाळलेल्या कैऱ्यांचा ढीग असतो. माझं मत त्या ढिगाच्या बाजूने. फक्त कोय घट्ट धरलेली असावी, पाडाला लागलेली कैरी गोडूस लागते.

उकडून की भाजून, यावर आमच्याकडे एकमत नाही. आईचं उकडलेलं गोड पन्हं. मला निखाऱ्यावर भाजलेल्या कैरीचं, जिरेपूड आणि सैंधव घातलेलं, गूळ जेमतेम, असं आवडतं. धुराचा जो हलका वास येतो तो गॅसवर भाजून तितका येत नाही. गावी चूल असेल तर जरूर करून पाहा. शहरात कुकरच बरा.

हिशेब घरचाच सांगतो. किलोभर मोसंबीचे आमच्याकडे दोन, फार तर तीन ग्लास होतात. किलोभर कैरीच्या गरात गूळ मिसळला की वीसेक ग्लास पन्हं निघतं. ग्लासात दोन-तीन चमचे गर, वर माठातलं पाणी, ढवळलं की तयार. फ्रीज नसला तरी माठाच्या पाण्याने भागतं. गर काचेच्या बरणीत, कोरड्या चमच्याने काढत राहिलं तर फ्रीजमध्ये आठवडाभर छान राहतो. पाणी घालून ठेवलेलं पन्हं मात्र आमच्या उन्हाळ्यात बाहेर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकत नाही. वर फेस आला, आंबूस वास आला की ओतून द्यावं, मुलांना तर मुळीच देऊ नये.

पन्ह्यालाही तक्रारी आहेत. गावरान कैरीला रेषा फार, घासताना हात दुखतात. गोडाचं प्रमाण एकदा चुकलं तर अख्खी बरणी चुकते. ऊन लागलं की पन्हं द्यावं हे खरं, पण ज्याला ग्लानी आली, बोलणं अडखळू लागलं, त्याला पन्हं पाजत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

घरात दोन-तीनच माणसं असतील आणि पिळल्या पिळल्या प्यायची सवय असेल, तर मोसंबी घ्या, मला वाईट वाटणार नाही, उलट बरंच वाटेल. येणं-जाणं जास्त असेल तर मला वाटतं पन्ह्याकडे जावं. मे महिन्यात मोसंबीचं चांगलं फळ हातात कमीच लागतं, हेही लक्षात घ्या.

मामांच्या बांधावर गावरान आंब्याचं एक जुनं झाड आहे. दुष्काळात त्याला कुणी पाणी घातलं नाही, तरी ते तगलं. मागच्या एप्रिलमध्ये मामा त्याच्या कैऱ्या एका पिशवीत आणि मोसंबी दुसऱ्या पिशवीत घेऊन भर दुपारी आले. मोसंबी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी कापली. ओट्यावर टेकल्या टेकल्या त्यांनी आईला विचारलं, "ताई, पन्हं आहे का गं केलेलं?"