ख्रिस्तपुराण की ख्रिस्तायन? सोलापुरातल्या वाचनगटाने आधी कोणतं हाती घ्यावं

उपवासकाळ जवळ आला की सेमिनरीच्या ग्रंथालयाकडे मंडळ्यांमधून एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत येते: गटाने मिळून मोठ्याने वाचण्यासारखं, येशूच्या चरित्रावरचं, मराठीतलंच काहीतरी सुचवा. इंग्रजीवरून उतरवलेली भक्तिपर पुस्तकं लोकांना आता पुरेशी वाटत नाहीत, आणि ते योग्यच आहे. मराठीत ख्रिस्ताचं चरित्र ओवीत सांगणारे दोन मोठे ग्रंथ घरचेच आहेत. दोन्ही उत्तम, पण दोन्ही एकाच गटाला सारखे मानवत नाहीत. निवड चुकली तर चौथ्या आठवड्याला खुर्च्या रिकाम्या होतात आणि दोष पुस्तकाला लागतो.

आमचं मत आधीच सांगतो: सोलापुरातल्या बहुतेक गटांनी आधी ख्रिस्तायन घ्यावं. ख्रिस्तपुराण आधी घेण्यासारखे गटही आहेत. ते कोणते, हे पुढे येईल.

ग्रंथ कोणते, कुणाचे

ख्रिस्तपुराण फादर थॉमस स्टीफन्स यांचं. हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि साष्टी भागात आयुष्यभर राहिले. ग्रंथ १६१६ मध्ये राशोलला रोमी, म्हणजे रोमन लिपीत छापला गेला. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा निघाला, पण त्या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. आपल्यापर्यंत आला तो हस्तलिखितांतून. पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरूंत, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र ५९ अवस्वरूंत आहे. अवस्वरू म्हणजे अध्याय. एकूण ओव्या अकरा हजारांना थोड्याच कमी.

काळाचं भान येण्यासाठी एवढंच लक्षात घ्या: एकनाथ महाराज पैठणला होते तेव्हा स्टीफन्स गोव्यात मराठी शिकत होते. पोथीची ओवी त्या वेळी जिवंत, रोजची होती. नव्या ख्रिस्ती लोकांनी पाद्रींकडे मागणी केली की आमची आधीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्या जागी दुसरं पुराण द्या. हा प्रसंग ग्रंथाच्या सुरुवातीलाच आहे. ग्रंथाचा घाट तिथूनच ठरतो: श्रोते शंका विचारतात, पाद्री उत्तर देतात. गटवाचनाला हा घाट फार सोयीचा आहे, कारण शंका आधीच मांडलेली असते.

ख्रिस्तायन रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी सुरू केलं. १९१९ मध्ये ते गेले तेव्हा दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाई टिळकांनी रचले. १९३६ मध्ये त्याही गेल्या, आणि १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला. यात जुना करार नाही, फक्त ख्रिस्तचरित्र आहे.

भाषा: खरा फरक इथेच पडतो

ख्रिस्तपुराणाची सुरुवातच ऐका: ‘वो नमो विश्वभरिता । देवा बापा सर्वसमर्था’. नमनाचा ठेका ज्ञानेश्वरीचा, आणि दुसऱ्याच चरणात ‘देवा बापा’. ज्या घरात हरिविजय किंवा भक्तिविजयाची पोथी कानावर पडली आहे, तिथल्या माणसाला हा ठेका लगेच सापडतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे, त्यामुळे असे कान सोलापुरात कमी नाहीत.

पण ठेका सापडला म्हणजे अर्थ कळला असं नाही. अडचणी तीन प्रकारच्या येतात. जुनी रूपं ही पहिली: ‘म्हणौनि’, ‘तेथ’, ‘श’च्या जागी ‘स’. पोथी वाचणाऱ्याला ही चार दिवसांत सवयीची होतात. दुसरी कोकणी शब्दांची. देशावरच्या माणसाला ते संदर्भाने अर्धेच लागतात. तिसरी पोर्तुगीज-लॅटिन शब्दांची. बाप्तिस्मा, पवित्र आत्मा, चर्च यांसाठी स्टीफन्स बऱ्याचदा परके शब्द तसेच ठेवतात, आणि एकच अनोळखी शब्द ओवीभर वाट अडवतो.

उलट काही शब्द इतके ओळखीचे असतात की त्यांचीच अडचण होते. स्वर्गासाठी स्टीफन्स ‘वैकुंठ’ वापरतात. कार्तिकी एकादशीला घराशेजारून दिंड्या जाताना पाहणाऱ्या सोलापूरकराच्या मनात तो शब्द काय काय घेऊन येतो, हे सांगायला नको. काही गटांत या एका शब्दावर तासभर चर्चा होईल, काहींत कुणीतरी अस्वस्थ होऊन येणंच बंद करेल. गट चालवणाऱ्याने पहिल्याच बैठकीत हा शब्द काढावा आणि सांगावं की चारशे वर्षांपूर्वी श्रोत्याला कळेल असा शब्द निवडणं हे भाषांतरकाराचं काम होतं. लपवून ठेवलं तर तो शब्द पाचव्या बैठकीत अवेळी फुटतो.

ख्रिस्तायनाची मराठी आजच्या वाचकाला शब्दकोशाशिवाय समजते. त्यातही दोन हात आहेत, आणि ते ओळखणं हा वाचनाचा मोठा आनंद आहे. टिळकांचं शिक्षण संस्कृत परंपरेतलं. त्यांच्या अध्यायांत शब्द भारदस्त, ओवी विचार करत पुढे जाते. लक्ष्मीबाईंना शाळा जवळजवळ नव्हतीच. त्यांची ओवी घरातल्या बोलण्याची आहे, प्रसंग समोर घडल्यासारखा सांगते. त्यामुळे पहिले दहा-अकरा अध्याय जड वाटले म्हणून कुणी थांबत असेल तर त्याला सांगा, पुढे भाषा बदलते. आम्ही तर उजळणीला कंटाळणाऱ्या गटांना थेट लक्ष्मीबाईंच्या एखाद्या प्रसंगापासून सुरुवात करायला सुचवतो. टिळकांचे अध्याय नंतर वाचले तरी बिघडत नाही. सुवार्तेची कथा सगळ्यांना ठाऊक असतेच.

पूर्व भागातल्या मंडळ्यांत घरी तेलुगू बोलणारी कुटुंबं आहेत, अक्कलकोटकडच्या सदस्यांत कन्नड बोलणारी. त्यांचं मराठी पक्कं असतं, पण ते आजचं मराठी. निम्मा गट असा असेल तर ख्रिस्तपुराण पूर्ण वाचायचा हट्ट धरू नये.

वेळेचा हिशोब

गट मोडतात त्याचं पहिलं कारण हा हिशोब आधी न करणं. मोठ्याने, ठेक्यात, न घाईने वाचलं तर मिनिटाला साधारण पाच ओव्या होतात. ख्रिस्तपुराणाच्या एका अवस्वरूत सरासरी ११५ ओव्या, म्हणजे नुसत्या वाचनाला तेवीस मिनिटं. अर्थ आणि चर्चा धरून सव्वा तास. आठवड्याला एक अवस्वरू घेतला तर ९५ आठवडे, पावणेदोन वर्षांहून जास्त. फक्त दुसरं पुराण घेतलं तरी ५९ आठवडे. उपवासकाळात यातलं काहीही बसत नाही.

म्हणून ख्रिस्तपुराण घ्यायचं तर निवडून घ्या. अनुक्रमणिका समोर ठेवून सहा प्रसंग ठरवा: सृष्टीची निर्मिती, जन्म, काना गावचं लग्न, एक दृष्टांत, दुःखसहन, पुनरुत्थान. प्रत्येकातून साठ-सत्तर ओव्याच घ्या. पहिल्या बैठकीत मराठी भाषेची स्तुती करणाऱ्या ओव्या जरूर वाचा, पुष्पांमध्ये मोगरी आणि परिमळांमध्ये कस्तुरी म्हणणाऱ्या. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आणि मराठीच्या गौरवाचा विषय निघाला की या ओव्या हमखास आठवल्या जातात. त्या ज्या ग्रंथातल्या आहेत तो ग्रंथ मात्र फार थोड्यांनी उघडलेला असतो.

ख्रिस्तायनाचे साधारण पंचाहत्तर अध्याय. राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत रविवार वगळून चाळीस दिवस होतात. घरी रोज दोन अध्याय वाचले तर ग्रंथ त्या काळात पूर्ण होतो. गटात आठवड्यातून एकदा जमून त्या बारा अध्यायांतला एकच मोठ्याने वाचायचा. घरचं वाचन मागे पडलेला सदस्यही बैठकीत हरवत नाही, हा या पद्धतीचा फायदा. बैठकीच्या सुरुवातीला तोच प्रसंग आधी बायबलमधून वाचा. हे टाळलं तर कवीने काय जोडलं आणि सुवार्तेत काय आहे याची सरमिसळ होते, आणि संडे स्कूलच्या मुलांपर्यंत ती तशीच पोचते.

कोणत्या मंडळीला कोणतं

ख्रिस्तपुराण कॅथोलिक धर्मशिक्षणातून आलं आहे, हे प्रोटेस्टंट गटाने आधी समजून घ्यावं. ख्रिस्तायनाचे दोन्ही कर्ते अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले, आणि सोलापुरातल्या जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्यांचं मूळही त्याच मिशनमध्ये आहे. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहातली टिळकांची अडीचशेहून अधिक गीतं ज्यांना पाठ आहेत, त्यांना ख्रिस्तायन परकं वाटणारच नाही. अध्यायानंतर टिळकांचंच एक गीत म्हणायचं, एवढी जोड दिली तरी बैठक भरून येते.

पण याचा अर्थ कॅथोलिकांनी एक आणि प्रोटेस्टंटांनी दुसरं वाचावं असा काढू नका. ख्रिस्तपुराणाचं देवनागरी हस्तलिखित लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात आहे हे अभ्यासकांपुढे आणलं ते जस्टिन अ‍ॅबट यांनी, आणि तेही अमेरिकन मराठी मिशनचेच.

ख्रिस्तपुराण आधी घ्यावं असे गट दोन. एक, मराठी साहित्य शिकणारे विद्यार्थी असलेला तरुणांचा गट. त्यांना जुन्या भाषेची अडचण हीच गोडी वाटते. दोन, ज्यात ख्रिस्तीतर शेजारी, भजनी मंडळातले मित्र येतात असा मिश्र गट. ओवी कशी म्हणायची हे तिथे तेच शिकवतील. श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या सिनेटच्या ईश्वरशास्त्राच्या बहिःस्थ अभ्यासक्रमाला बसलेल्यांनी दोन्हींतून एकच प्रसंग घेऊन समांतर वाचावा. निबंधाला त्याहून चांगला विषय नाही.

ठरत नसेल तर एक चाचणी बैठक घ्या. डोंगरावरचं प्रवचन दोन्हींतून वीस-वीस ओव्या, प्रत्येकी चार मिनिटं. वाचताना कोण कुठे अडखळतं ते टिपा. वीस ओव्यांत पाचांहून जास्त ठिकाणी थांबावं लागलं तर तो ग्रंथ त्या गटासाठी यंदा नको.

प्रत कोणती, मिळवायची कशी

ख्रिस्तायनात आवृत्तीचा गोंधळ नाही. ख्रिस्तपुराणात आहे, आणि तो महागात पडतो. १९०७ ची मंगळूरची सालढाणा यांची आवृत्ती रोमी लिपीत आहे. तिचं स्कॅन इंटरनेट आर्काइव्हवर मिळतं, पण पोर्तुगीज वळणाचं लेखन वाचून ओवी म्हणणं गटाला जमत नाही. देवनागरीत १९५६ ची बंडेलू यांची आणि १९९६ ची द्रागो यांची. रोमीतून देवनागरी करताना संपादकाला प्रत्येक शब्द ठरवावा लागतो, म्हणून दोन्हींत शब्द जुळत नाहीत. मार्सडेन हस्तलिखितात तर पोर्तुगीज शब्दांच्या जागी बरेचसे संस्कृत शब्द आहेत. २००९ ची फादर नेल्सन फलकाव यांची आवृत्ती गटासाठी आम्ही सुचवतो, कारण ओवीबरोबर आजच्या मराठीत गद्य अर्थ आहे. एका गटात एकच आवृत्ती चालवा. दोन चालवल्या की एक सदस्य वाचतो आणि बाकीचे बोट फिरवत बसतात.

अडलेल्या शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश वापरा. शिकागो विद्यापीठाच्या कोशांच्या संकेतस्थळावर तो फुकट आहे आणि कोकणातल्या शब्दांना त्यात वेगळी खूण आहे. तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश चांगला, पण तो यादवकाळापर्यंतचा. गोव्याचे शब्द त्यात शोधू नका.

झेरॉक्सबद्दल नेहमी विचारतात. ख्रिस्तायनाचा मूळ मजकूर आणि ख्रिस्तपुराणाच्या ओव्या स्वामित्वहक्काच्या मुदतीबाहेर आहेत, त्या उतरवून घ्यायला हरकत नाही. आधुनिक गद्य अर्थ, प्रस्तावना आणि टिपा मात्र संपादकांच्या आहेत, त्यांच्या सरसकट प्रती काढू नयेत. बारा जणांच्या गटाला चार प्रती पुरतात, तिघांत एक. मागे बसणाऱ्यांसाठी त्या दिवसाच्या ओव्या मोठ्या अक्षरात एका पानावर, सोळा पॉइंटपेक्षा लहान नको.

शोधताना आधी हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयात बघा. ग्रंथालयांच्या ड्यूई वर्गीकरण पद्धतीत ही पुस्तकं अनेकदा धर्माच्या २०० च्या कपाटात नसतात, मराठी कवितेच्या ८९१.४६१ ला असतात. ‘ख्रिस्ती पुस्तकं आहेत का’ असं विचारलं तर नाही असं उत्तर येतं आणि पुस्तक दोन कपाटं पलीकडे असतं. संगणकावर रोमनमध्ये शोधताना ख्रिस्त हा शब्द ‘के’, ‘के-एच’ आणि ‘सी-एच’ अशा तिन्ही प्रकारे टाकून बघा, आणि लेखक स्टीफन्स व स्टीव्हन्स असा दोन्ही प्रकारे.

पुण्याच्या सेमिनरी ग्रंथालयांत जायचं झालं तर सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन रात्री परत येता येतं. निघण्याआधी ग्रंथपालांना कळवा, पाळकांचं किंवा फादरांचं पत्र आणि ओळखपत्र बरोबर घ्या, आणि पुस्तक घरी नेता येणार नाही असं धरूनच जा. हव्या त्या अवस्वरूंचे आकडे घरीच लिहून नेले तर दिवसभरात सहाही प्रसंगांच्या ओव्या उतरवून होतात.