पिल्लांच्या खोलीतील एअर प्युरिफायर : एका दमेकरी स्त्रीचा अभिप्राय

हवेतले अतिसूक्ष्म कण अडवणारा हेपा फिल्टर असलेला हा मध्यम आकाराचा एअर प्युरिफायर मी इंदूरमधील एका दुकानातून घेतला, तो मागच्या खोलीत वाढणाऱ्या कडकनाथ कोंबड्यांच्या पिल्लांसाठी, किंवा अधिक नेमके सांगायचे तर त्या खोलीत रोज जावे लागणाऱ्या माझ्यासाठी. मला जुना दमा आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत न्यायची असते. माळव्यातल्या डिसेंबरात उघड्या ओसरीवर हे साधत नाही, म्हणून दिरांनी झाबुआहून आणलेली पिल्ले घरातच ठेवावी लागली.

धुळीच्या बाबतीत यंत्राचे काम चोख आहे. पिल्लांना पिसे फुटू लागली की प्रत्येक पिसावरचे पातळ वेष्टण सुटून त्याचा पांढरा भुगा होतो. त्यात कातडीचे कण, खाद्याचे पीठ आणि वाळलेली विष्ठा मिसळते व पिल्लांच्या फडफडीने हे सारे दिवसभर हवेत उडत राहते. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, पण जी हवा त्यातून जाईल तिच्यातलेच, म्हणून यंत्राची क्षमता खोलीशी ताडून पाहणे आवश्यक आहे. दहा बाय बाराची, दहा फूट उंचीची खोली सुमारे ३४ घनमीटर भरते; तिची हवा तासाला पाच वेळा पालटायची तर यंत्राने ताशी किमान १७० घनमीटर शुद्ध हवा दिली पाहिजे, तीही रात्री चालवता येईल इतक्या कमी आवाजाच्या वेगावर. आमचे यंत्र त्या वेगावर थोडे कमी पडते. बाहेरची जाळी मात्र फारच लवकर माखते, आणि ती मी स्वतः साफ करत नाही. घरातले दुसरे कोणी एन-९५ मुखपट्टी लावून ती अंगणात धुतात. वाऱ्याचा झोत पिल्लांवर येऊ नये म्हणून यंत्र त्यांच्या खोक्यापासून दूर ठेवावे लागते, हेही माहितीपुस्तिकेत कुठे नाही.

यंत्राने वासही जाईल, हा दुकानदाराने दिलेला भरवसा मात्र फोल ठरला. पिल्लांखाली अंथरलेल्या भाताच्या ओलसर तुसात जिवाणू विष्ठेतील युरिक आम्लाचे विघटन करतात व उग्र वासाचा अमोनिया सुटतो. तो वायू असल्यामुळे हेपामधून सहज पार होतो, आणि वास शोषण्यासाठी सोबत दिलेला कोळशाचा पातळ थर लवकरच निकामी होतो. हवा शुद्ध असल्याचे सांगणारा यंत्रावरचा हिरवा दिवा फक्त धूलिकणांवरून ठरतो. नाक चुरचुरत असतानाही तो हिरवाच राहतो, आणि श्वासाचा विकार असलेल्या माणसासाठी हा या यंत्राचा सर्वांत मोठा धोका आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अमोनियावर उपाय झाला तो साध्या गोष्टींनी: पाणी सांडणार नाही असे निपलचे भांडे, भिजलेले तूस रोज काढणे, लाकडाच्या भुशाऐवजी तूसच वापरणे, पिठासारख्या खाद्याऐवजी दाणेदार खाद्य देणे आणि दुपारी ऊन असताना खिडकी उघडणे.

खरेदी करताना आयन किंवा ओझोन सोडणारे मॉडेल टाळावे, कारण ओझोन दम्याला अपायकारक आहे. आणखी एक गोष्ट यंत्राच्या कक्षेबाहेरची आहे. पक्ष्यांच्या धुळीने काहींना फुफ्फुसांची ॲलर्जिक सूज येते. खोलीतून बाहेर पडल्यावर काही तासांनी ताप, कोरडा खोकला आणि धाप लागते, त्यामुळे त्याचा पिल्लांशी संबंध चटकन ध्यानात येत नाही. अशा वेळी घरात पिल्ले असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि पिल्ले त्याच दिवशी दुसऱ्याकडे सोपवावीत.

माझ्या इन्हेलरची गरज या यंत्राने कमी झाली, म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देते. पण ज्यांच्याकडे बंदिस्त पडवी आणि तिथे विजेची सोय आहे, त्यांनी हेच पैसे ऊब देणाऱ्या प्लेटवर खर्च करावेत व पिल्ले पहिल्या दिवसापासून तिथेच वाढवावीत.