वने पर्यावरण खात्यात असावीत की स्वतंत्र?

केंद्रातील पर्यावरण मंत्रालयाची पुनर्रचना व्हावी, अशी सूचना अधूनमधून पुढे येते आणि दर वेळी वाद एकाच प्रश्नाशी येऊन अडतो: वने पर्यावरणाबरोबर ठेवावीत, की त्यांचे खाते वेगळे करावे? आमच्या भागातील नागरिकांच्या गटातर्फे या विषयावर लेखी अभिप्राय तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मला कुठल्या तरी एका बाजूला कौल द्यावाच लागला. तसाच अभिप्राय ज्यांना द्यायचा आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. मंत्रालयाखालची मंडळे, प्राधिकरणे आणि कायदे त्यांना ठाऊक असणार, म्हणून ती यादी येथे देत नाही.

दोन्ही नमुने आपल्याला घरबसल्या पाहता येतात. दिल्लीत वने आणि पर्यावरण एकाच मंत्र्याच्या हाताखाली आहेत. महाराष्ट्रात मात्र वने ‘महसूल व वन विभागा’त आणि पर्यावरण ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभागा’त आहे.

वेगळ्या खात्याची बाजू हलकी नाही. वन विभागाची परंपरा १८६४ पासूनची आहे. त्याला स्वतःची अधिकारी सेवा आहे, स्वतःची जमीन आहे, नकाशे आहेत आणि गावपातळीपर्यंत पोचलेला वनरक्षक आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळे १९७४ च्या जलप्रदूषणविषयक कायद्यातून आली, आणि त्यांचे मनुष्यबळ आजही अपुरे वाटते. अशा दोघांना एका छताखाली आणले की धाकटा भाऊ थोरल्याच्या सावलीत वाढतो, हा आक्षेप मला बराचसा पटतो. माझा अनुभवही त्याच दिशेचा आहे. झाडांविषयी विचारले, तर गट क्रमांकांसह उत्तर येई. हवेविषयी किंवा सांडपाण्याविषयी विचारले, तर ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढेच कळे.

तरीही एकत्रीकरणाने काही साधले, हे नाकारता येत नाही. १९८० मध्ये केंद्रात पर्यावरण विभाग स्थापन झाला, तेव्हा वने कृषी मंत्रालयाकडेच राहिली होती. १९८५ मध्ये ती पर्यावरणाच्या जोडीला आली. १९५२ च्या वननीतीत संरक्षण, दळणवळण आणि उद्योग यांना लागणाऱ्या लाकडाला आणि वनांपासूनच्या महसुलाला मोठे स्थान होते. १९८८ च्या वननीतीने पर्यावरणीय स्थैर्य हे मुख्य उद्दिष्ट मानले आणि प्रत्यक्ष आर्थिक लाभ त्याच्याखाली ठेवला. हा सारा बदल खातेपालटामुळेच झाला असे म्हणणे धाडसाचे होईल. १९८० चा वनसंवर्धन कायदा त्याआधीच आला होता. पण लाकडाचे उत्पन्न पाहण्याची सवय असलेल्या कृषी मंत्रालयात तेच धोरण इतक्या स्पष्ट शब्दांत उतरले असते का, याची मला शंका आहे.

माझा कौल मात्र या इतिहासावरून ठरला नाही. तो एका ओढ्यावरून ठरला. आमच्या भागात खाणीचे दोन प्रस्ताव आले होते. त्यांतला लहान प्रस्ताव राज्यपातळीवर हाताळला गेला. त्याच्या जनसुनावणीत एका शेतकऱ्याने विचारले, की राखीव वनातून उगम पावणारा ओढा खाणीच्या मातीने बुजला, तर खालच्या वाडीने पाणी कुठून आणायचे? मंचावरून उत्तर मिळाले, की वनजमिनीचा विषय या सुनावणीच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी वन कार्यालयाकडे अर्ज करावा. तो अर्ज आम्ही केला. वन कार्यालयाने कळवले, की त्यांच्याकडील प्रस्ताव केवळ वनजमीन वळती करण्याचा आणि पर्यायी वनीकरणाचा आहे. वनाबाहेरच्या पाण्याचा प्रश्न पर्यावरणीय मंजुरी देणाऱ्यांनी पाहायचा. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती, आणि कोणी उद्धटपणा केला असेही नाही. पण उगम एका खात्याकडे आणि प्रवाह दुसऱ्याकडे, अशी वाटणी झाल्यावर तो ओढा कोणाचाच उरला नाही. दोन्ही खात्यांच्या वर बसलेला अधिकारी शोधू लागलो, तर थेट मुख्य सचिवांपर्यंत जावे लागले असते, आणि एका वाडीच्या पाण्यासाठी तिथवर कोण जाते?

मोठा प्रस्ताव दिल्लीला गेला. तिथेही पर्यावरण आणि वन या दोन शाखांच्या समित्या वेगळ्या आणि नस्त्याही वेगळ्या, त्यामुळे फार आशा नव्हती. मात्र आमचे पत्र चुकीच्या शाखेत पोचल्यावर ते परत न येता आतल्या आत योग्य शाखेकडे गेले, आणि पुढे मंजुरीपत्रात ओढ्याच्या संरक्षणाची अट आली. ती अट किती पाळली गेली हा निराळा विषय आहे. दोन प्रस्तावांवरून सिद्धांत मांडू नये हेही मान्य. पण माझ्यापुरते पारडे तिथेच झुकले.

अर्थात एकत्रीकरण कुठवर न्यायचे, हा प्रश्न उरतो, आणि तिथे मनिलाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. फिलिपिन्सने १० जून १९८७ च्या आदेशाने जमीन, वने, खनिजे आणि प्रदूषण नियंत्रण ही सगळी कामे पर्यावरण व नैसर्गिक संसाधने या एकाच खात्यात आणली. परिणामी खाणींचे करार करणारे आणि त्यांच्यावर पर्यावरणीय निर्बंध घालणारे एकाच प्रमुखाच्या हाताखाली आले. २०१७ मध्ये तिथल्या खातेप्रमुख जीना लोपेझ यांनी २३ खाणी बंद करण्याचा आदेश दिला आणि त्याच वर्षी मे महिन्यात लोकप्रतिनिधींच्या नियुक्ती आयोगाने त्यांच्या नेमणुकीला मान्यता नाकारली. आपल्याकडे खनिजे वेगळ्या मंत्रालयात आहेत, आणि ती तिथेच राहावीत असे मला वाटते. ज्या साधनांतून सरकार महसूल मिळवू पाहते, ती या खात्यात आणू नयेत. ज्यांचे रक्षण करायचे, तेवढीच ठेवावीत. नद्यांबाबत आपण नेमकी उलटी वाट धरली आहे: प्रदूषण मोजणारे केंद्रीय मंडळ पर्यावरण मंत्रालयात, तर गंगेच्या स्वच्छतेचे काम जलशक्ती मंत्रालयात.

पर्यावरणविषयक कायद्यांचा आढावा घेणाऱ्या टी. एस. आर. सुब्रमणियन समितीने २०१४ मध्ये सुचवलेले, प्रकल्पांचे प्रस्ताव तपासणारे राष्ट्रीय पर्यावरण व्यवस्थापन प्राधिकरण हा तिसरा पर्याय काहींना आकर्षक वाटतो. पूर्णवेळ तज्ज्ञ असावेत ही त्यातली कल्पना चांगली आहे. पण संसदीय समितीने तो अहवाल स्वीकारला नाही, आणि मंत्रालयाच्या जोडीला आणखी एक दार उभे राहिल्याने आमच्या ओढ्याचे काय भले झाले असते, हे मला उमगलेले नाही.

म्हणून आमच्या अभिप्रायात आम्ही वने आणि पर्यावरण एकत्र ठेवावीत असे लिहिले, आणि त्याला एक अट जोडली. २०१८ पासून ‘परिवेश’ या संकेतस्थळामुळे प्रकल्पवाल्यांना पर्यावरण, वन, वन्यजीव आणि किनारपट्टी या चारही मंजुऱ्यांसाठी एकाच ठिकाणी अर्ज करता येतो. मंत्रालय एकच असल्यामुळे ही सोय सोपी झाली, असे मी मानतो. पण हरकत घेणाऱ्या ग्रामस्थाला अजून तशी एक खिडकी नाही. ज्या प्रकल्पाला दोन्ही मंजुऱ्या लागतात, त्याची जनसुनावणी एकच व्हावी, तिला वन अधिकारी हजर असावेत आणि तिचे इतिवृत्त दोन्ही समित्यांपुढे जावे, अशी मागणी आम्ही केली. ती मान्य होणार नसेल, तर एकत्र मंत्रालयाचा माझा आग्रहही बराच सैल होईल.